उष्ण कटिबंधातल्या बेटावर काय पाहावं, काय करावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसाची आखणी कुठून सुरू करायची?

आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा, मग वाऱ्याचा अंदाज, आणि ठिकाणांची यादी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. मग ज्या खाडीचे फोटो पाहून ते तिथवर जातात, तिथे त्यांना गुडघाभर पाणी आणि उघडे पडलेले खडक भेटतात. जागा तीच असते, वेळ चुकलेली असते.

ढोबळ नियम असा: सकाळी सात ते अकरा पाण्यासाठी. वारा पडलेला असतो, पाणी निवळ असतं. दुपार चढली की जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो, पाण्यावर लहान लाटा उठतात आणि तळाची वाळू ढवळली जाते. ते तास जेवण, झोप, संग्रहालय किंवा झाडीतल्या पायवाटेसाठी ठेवा. चारनंतर पुन्हा बाहेर पडा. मात्र विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साधारण सहाच्या आसपास मावळतो आणि जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. सूर्यास्त बघायला टेकडीवर जाणार असाल तर उतरताना विजेरी लागणार हे गृहीत धरा.

भरती-ओहोटीचा तक्ता कसा वाचायचा?

बहुतेक बेटांवर दिवसाला चार नोंदी असतात: दोन भरतीच्या, दोन ओहोटीच्या. प्रत्येकीपुढे वेळ आणि मीटरमध्ये पाण्याची उंची. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं लागतात, म्हणून तीच भरती दुसऱ्या दिवशी साधारण ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं: भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा फरक कमी राहतो आणि प्रवाहही मंद असतात. नवख्यांनी स्नॉर्केलिंगसाठी (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) भांगाचे दिवस मिळवता आले तर जरूर मिळवावेत.

तक्ता कोणत्या बंदराचा आहे ते तपासा. बेटाच्या दुसऱ्या टोकाला वेळ मागेपुढे होऊ शकते.

कोणत्या पाण्यात काय करायचं, तर प्रवाळावर स्नॉर्केलिंग भरतीच्या आधीच्या दीड-दोन तासांत, कारण बाहेरचं स्वच्छ पाणी आत येत असतं आणि प्रवाळावर पुरेशी खोली असते. कांदळवनातली कयाक (वल्ह्याची छोटी अरुंद होडी) फेरीही भरतीला, नाहीतर चिखलात रुतायला होतं. खडकांतली डबकी, वाळूचे दांडे, समुद्रगुहा हे सगळं ओहोटीला.

वाळूच्या दांड्यावरून समोरच्या छोट्या बेटावर चालत जायचं असेल तर ‘बारा भागांचा नियम’ लक्षात ठेवा. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. पहिला तास निवांत गेला म्हणून लोक रेंगाळतात आणि तिसऱ्या तासात अडकतात. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीच्या क्षणी परत फिरा.

अपवादही आहेत. थायलंडच्या आखातात काही ठिकाणी दिवसातून एकदाच भरती येते. ताहितीला तर भरती रोज दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच असते, कारण तिथे चंद्राचा प्रभाव जवळपास पुसला जातो आणि सूर्याचा तेवढा उरतो.

एकाच बेटावर एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला ऊन, असं का?

व्यापारी वारे बहुतांश पूर्वेकडून येतात. डोंगर आडवा आला की हवा वर चढते, गार होते आणि त्याच बाजूला पाऊस पाडते. पलीकडची बाजू कोरडी राहते. हवाईतल्या कवाई बेटावर वाईआलेआले शिखराभोवती वर्षाला १०,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून काही तासांवरच्या पश्चिम किनाऱ्यावर माती तडकलेली असते. धबधबे, जंगलवाटा वाऱ्याच्या बाजूला, पुळणी आणि शांत पाणी आडोशाच्या बाजूला. पहाटे खिडकीबाहेर पाऊस दिसला म्हणून अख्खा दिवस रद्द करू नका, आधी दुसऱ्या बाजूची खबर घ्या. मोसमी वाऱ्यांच्या प्रदेशात हीच बाजू ऋतूप्रमाणे उलटते.

कोणता महिना टाळावा?

वादळांचा. कॅरिबियन आणि अटलांटिकमध्ये अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल. पश्चिम पॅसिफिकमध्ये वादळ वर्षभर कधीही येऊ शकतं, जोर जुलै ते ऑक्टोबर. विषुववृत्ताच्या पाच अंशांच्या आत चक्रीवादळं क्वचितच तयार होतात. तिथे प्रश्न फक्त पावसाचा आणि गढूळ पाण्याचा राहतो.

पोहता येत नाही. स्नॉर्केलिंग जमेल?

जमेल, पण ‘लाइफ जॅकेट आहे ना’ एवढ्यावर विसंबून नाही. आधी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवा आणि नळीतून पाच मिनिटं श्वास घ्या. नाकाने श्वास घ्यायची सवय सुटेपर्यंत पुढे जायचं नाही. घाबरगुंडी उडते ती बहुतेक पहिल्या दोन मिनिटांत, आणि तेव्हा पाय टेकत असतील तर काहीच बिघडत नाही. बोटीतून थेट खोल पाण्यात उतरवणारी सहल पहिल्या दिवशी घेऊ नका. काचेच्या तळाची बोट हाही चांगला पर्याय आहे, फक्त ती भर दुपारी घ्या: सूर्य डोक्यावर असताना प्रकाश सरळ खाली जातो आणि तळ नीट दिसतो.

मास्कमध्ये पाणी शिरतं आणि काच धुरकट होते. उपाय?

निम्मी सहल यात वाया जाते, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी मापाची परीक्षा. पट्टा डोक्यामागे न घालता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात काढल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. गळून पडला तर दुसरा मागा. भाड्याच्या दुकानात चार-पाच मास्क लावून बघायला लाजू नका.

माप बरोबर असूनही पाणी येत असेल तर तीन गोष्टी तपासा. कडेखाली केस अडकलेत का, विशेषतः कपाळावर आणि कानशिलाजवळ? मिशी आहे का? नाकाखालची दोन-तीन मिलिमीटर पट्टी कापली किंवा तिथे सिलिकॉन ग्रीस लावलं तर बराच फरक पडतो. व्हॅसलिन नको, त्याने सिलिकॉन खराब होतं. आणि पट्टा फार आवळलाय का? गळतं म्हणून लोक आणखी आवळतात, त्याने कड दुमडते आणि जास्त गळतं. पट्टा मास्क जागेवर राहण्यापुरताच हवा. हसलात तरी गालाला सुरकुती पडून पाणी येणारच, ते चालायचंच.

धुरकटपणाचं कारण वेगळं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट (जेल नव्हे) बोटाने आतून चोळून धुवा, दोन-तीनदा. आतल्या काचेला कारखान्यातूनच खास लेप दिला असेल तर मात्र हे करू नका. रोजच्या वापरात कोरड्या काचेवर थुंकी किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब चोळायचा आणि एकदाच पटकन पाण्यात बुडवून काढायचं. काच आधी भिजवली तर थर बसत नाही. त्यानंतर मास्क कपाळावर चढवून ठेवू नका, कपाळाच्या उष्णतेने आणि घामाने तो पुन्हा धुरकटतो.

पाण्यात असताना मास्क भरला तर डोकं वर करा, चौकटीची वरची कड दाबा आणि नाकाने जोरात श्वास सोडा. पाणी खालून निघून जातं. नळीत पाणी गेलं तर ‘टू’ म्हणत एक जोरदार फुंकर.

पूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोपे वाटतात, पण त्यांत सोडलेला श्वास अडकून राहण्याचा धोका असतो, घाबरल्यावर ते झटकन निघत नाहीत आणि नाक दाबता येत नसल्याने खाली बुडी मारता येत नाही. साधा दोन तुकड्यांचा संचच घ्या.

आणखी एक: पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. ‘एवढा मोठा मासा’ या कथेतून तेवढी वजाबाकी करावी, आणि प्रवाळ हाताशी आलंय असं वाटून पाय मारण्याआधीही हे आठवावं.

प्रवाह ओढून नेतो म्हणतात. तो ओळखायचा कसा?

उघड्या पुळणीवर लाटांच्या रांगेत एक फट दिसते, जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी गडद असतं आणि फेस किंवा शेवाळ समुद्राकडे सरकत असतं. नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. तो परतीचा प्रवाह. तो सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेग घेऊ शकतो, त्याच्याविरुद्ध पोहणं कोणालाच झेपत नाही. किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हा, मग लाटांबरोबर तिरकं आत या. दमलात तर पाठीवर तरंगा आणि हात वर करून हलवा. हा प्रवाह खाली ओढत नाही, बाहेर नेतो.

प्रवाळाने वेढलेल्या बेटावर धोका वेगळ्या जागी असतो. लाटा प्रवाळाच्या कडेवरून पाणी आतल्या उथळ भागात टाकत राहतात आणि ते सगळं पाणी कडेतल्या एखाद्या खिंडीतून बाहेर पडतं. ओहोटी सुरू झाली की खिंडीतला ओघ नदीसारखा होतो. आतून हे कळत नाही: तुम्ही मासे बघत तरंगत असता आणि तळ मात्र सरकत असतो. म्हणून दर पाच मिनिटांनी डोकं वर काढून किनाऱ्यावरची एक ठरावीक खूण बघा. सुरुवात प्रवाहाविरुद्ध पोहत करा, म्हणजे परतताना तो मदतीला असतो. खिंड कुठे आहे हे पाण्यात उतरण्याआधी तिथल्या बोटवाल्याला विचारा, तो एका वाक्यात सांगतो.

पहिल्यांदा स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी) करायचंय. किती खोल, किती धोका, आणि विमान कधी पकडायचं?

प्रमाणपत्र नसलेल्यांसाठीच्या ओळख-बुडीत प्रशिक्षक सोबत असतो आणि मर्यादा १२ मीटरची असते. ‘ओपन वॉटर’ या प्राथमिक प्रमाणपत्रावर १८ मीटर. पहिल्या वेळी पाच-सहा मीटरही भरपूर आहेत, रंग तिथेच सगळ्यात चांगले दिसतात.

कान हा खरा अडथळा. वरून १० मीटरवर जाताना दाब दुप्पट होतो, म्हणजे सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच. नाक दाबून हळूच फुंकायचं, ते दर मीटरला, दुखायच्या आधी. दुखलं तर मीटरभर वर या, कान मोकळे करा, मग पुन्हा खाली. सर्दी असेल तर बुडी रद्द. सर्दीची गोळी घेऊन जाणं हे त्याहून वाईट: तिचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा अडकते. आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आरोग्याच्या फॉर्मवर ते लपवू नका.

विमानाबद्दल: शेवटची बुडी आणि उड्डाण यांच्यात, एकच बुडी असेल तर किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा सलग दिवस असतील तर किमान १८ तास. सोपं म्हणजे शेवटचा पूर्ण दिवस जमिनीवर ठेवा. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून हाच नियम डोंगरालाही लागू आहे आणि तो लोक विसरतात. सकाळी बुडी आणि दुसऱ्या पहाटे माउई बेटावरच्या हालेआकालाचा (३,०५५ मीटर) सूर्योदय, हा क्रम चुकीचा. आधी डोंगर, मग पाणी.

सनस्क्रीन किती आणि कोणतं?

प्रौढ माणसाच्या अख्ख्या अंगाला एका वेळी सुमारे ३० ते ३५ मिलिलिटर लागतं. म्हणजे १०० मिलिलिटरची बाटली तीनदाच पुरते. ती आठवडाभर पुरली तर तुम्ही फार कमी लावताय. पाण्यात जायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर पुन्हा. स्नॉर्केलिंगमध्ये पोटऱ्या, गुडघ्यामागची खळगी आणि मान सगळ्यात जास्त भाजतात, कारण तासभर तेच वर असतं. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा तंग सदरा) आणि लांब पायांची तंग विजार घातली की निम्मा प्रश्न मिटतो.

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे घटक प्रवाळाला घातक मानले जातात. पलाऊने १ जानेवारी २०२० पासून आणि हवाईने १ जानेवारी २०२१ पासून असे घटक असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली. बाटलीवर ‘रीफ सेफ’ लिहिलंय यावर जाऊ नका, मागची घटकांची यादी वाचा. झिंक ऑक्साइडचं घ्या.

डासांचं औषध लावायचं असेल तर सनस्क्रीन आधी, औषध वरून. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे संध्याकाळची वाट बघू नका.

काही चावलं, टोचलं तर?

उपचार प्राण्यावर अवलंबून असतात. पाकट, स्टोनफिश, लायनफिश यांच्या काट्याला गरम पाणी: साधारण ४५ अंश, सोसवेल इतकं, ३० ते ९० मिनिटं. पाणी आधी न दुखावलेल्या हाताला लावून बघा, दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. बॉक्स जेलीफिश असलेल्या पाण्यात व्हिनेगर किमान ३० सेकंद ओता. त्याने दुखणं थांबत नाही, पण न फुटलेल्या दंशपेशी निकामी होतात. निळ्या फुग्यासारखा तरंगणारा ब्लूबॉटल असेल तर समुद्राच्या पाण्याने धुऊन गरम पाणी वापरा. गोडं पाणी, वाळूने चोळणं आणि लघवी, हे तिन्ही वर्ज्य. श्वासाला त्रास किंवा चक्कर असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

टाळणं सोपं आहे. उथळ वाळूत पाय उचलून टाकण्याऐवजी फरफटत चाला, पाकट आधीच सरकते. जाड तळव्याचे पाण्यातले बूट घाला. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शिंपला जिवंत असू शकतो: कोन स्नेलचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो. प्रवाळाची खरचट लहान दिसते पण चिघळते. साबण-पाण्याने घासून आतले कण काढा आणि बरी होईपर्यंत पाण्यात जाऊ नका.

आणि कॅरिबियनमध्ये पाऊस आला म्हणून किनाऱ्यावरच्या कोणत्याही झाडाखाली धावू नका. मँचिनीलच्या पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात, त्याची छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं विषारी असतात. बऱ्याच ठिकाणी त्याच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो.

प्रवाळ, कासवं, मंटा: किती जवळ जायचं?

प्रवाळाला हात नाही, पायातले फिनही नाहीत. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतं, गोलसर दगडासारखं जेमतेम सेंटिमीटरभर. एका लाथेत दहा-वीस वर्षांची वाढ मोडते. दमलात तर वाळूवर जाऊन उभे राहा.

कासवाच्या समोर किंवा डोक्यावर जाऊ नका. त्याला श्वासासाठी वर यावं लागतं, तो रस्ता मोकळा ठेवा. रात्री अंडी घालताना पाहायला जाणार असाल तर मोबाइलचा उजेडही नको, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर पोचतात.

नियम जागोजागी वेगळे आहेत आणि ते पाळले जातात. मालदीवच्या हनिफारू खाडीत मंटा (पाकटीच्या कुळातला महाकाय मासा) बघायला फक्त स्नॉर्केल चालतं, स्कूबाला बंदी आहे. थायलंडची माया बे २०१८ मध्ये बंद झाली, २०२२ मध्ये उघडली, आणि आता तिथे पोहता येत नाही. फिलिपिन्सचं बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी पूर्ण बंद होतं. होनोलुलूजवळची हनाउमा बे सोमवारी-मंगळवारी बंद असते. तिकीट काढण्याआधी ठिकाण उघडं आहे ना ते बघा.

रात्री चमकणारं पाणी कधी दिसतं?

अमावास्येच्या आसपास, चंद्र उगवण्याआधी. चमक सूक्ष्मजीवांची असते, पाणी हलवलं की दिसते, म्हणून वल्ह्याची कयाक सगळ्यात बरी. प्वेर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावरची मॉस्किटो बे यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे पोहायला मनाई आहे. पौर्णिमेच्या सहलीचं आरक्षण घेऊ नका, विकणारा विकतोच. मोबाइलच्या फोटोत फारसं काही येत नाही. हात पाण्यात फिरवा आणि बघा.

कयाक आणि पॅडलबोर्डला (उभं राहून वल्हवायची फळी) काय सांभाळायचं?

जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. टेकडीच्या आडोशाला किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं सपाट असतं, म्हणून नवखे तिथेच बोर्ड उतरवतात. शंभर-दोनशे मीटर बाहेर आडोसा संपतो, वारा पाठीत घुसतो आणि उभं राहिलेलं अंग शिडाचं काम करतं. झाडांचे शेंडे समुद्राकडे झुकत असतील तर जाऊच नका. गेल्यावर असा वारा सुटलाच तर बोर्डवर पालथे पडून हाताने वल्हवा. बोर्ड कधीही सोडायचा नाही.

बोट लागते. काय करावं?

गोळी निघायच्या तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. बोटीच्या मध्यापासून मागच्या भागात बसा, नजर क्षितिजावर, मोबाइल खिशात. रिकाम्या पोटी जाणं चूकच, हलकं आणि कोरडं खा. डिझेलचा वास टाळायला वाऱ्याची बाजू धरा.

धबधब्याखाली उतरावं का?

वर डोंगरात पाऊस असेल तर नाही, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. पाणी अचानक तपकिरी झालं, काड्यापानं वाहून येऊ लागली किंवा आवाज वाढला की सामान न आवरता लगेच वर चढा. पायाला जखम असेल तर गोड्या पाण्यात जाणं टाळा, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उडी मारण्याआधी खोली स्वतः पोहून तपासा. काल कोणीतरी मारली होती हा पुरावा नव्हे, पुराने दगड हलतात.

शिंपले, प्रवाळाचे तुकडे घरी नेता येतात का? आणि ड्रोन?

कठीण प्रवाळ, महाकाय शिंपला आणि क्वीन काँक (एक मोठा शंख) हे साइट्स कराराच्या (वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, ते सीमेपार न्यायला सहसा परवाना लागतो. दुकानातून पावतीसकट घेतलं तरी विमानतळावर जप्त होऊ शकतं. रिकामा शिंपलाही संन्यासी खेकड्याचं पुढचं घर असतो, आणि बऱ्याच राखीव किनाऱ्यांवरून वाळूही उचलायची नसते.

ड्रोनसाठी तीन वेगवेगळ्या परवानग्या लागू शकतात: देशाच्या विमान-नियामकाची, राखीव क्षेत्राची आणि हॉटेलची. लहान बेटावर धावपट्टी कुठूनही जवळच असते, त्यामुळे पहिलीच बहुधा अडते. काही देशांत सामानातला ड्रोन उतरल्याबरोबर सीमाशुल्क विभागात जमा करावा लागतो आणि परतताना मिळतो, म्हणून निघण्याआधीच विचारून घ्या.